घाट उतरताना ब्रेकचा वास, गिअरचा आवाज, लिव्हरचा हिसका : कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलेल्या गाड्या गॅरेजला लागतात तेव्हा मालकांची तक्रार दोनांपैकी एक असते. एक, "ब्रेक लागेनासे झाले." दोन, "कुणीतरी सांगितलं म्हणून दुसऱ्या गिअरवर उतरवली, आता गिअरबॉक्समधून आवाज येतोय." पहिल्या गाडीचे ब्रेक बहुतेक वेळा ठीक असतात, त्यांनी सगळा घाट एकट्याने झेललेला असतो इतकंच. दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स आधीपासूनच आजारी असतो. चढाला आणि सपाटीला तो आजार लपतो, उताराला दिसतो. दोन्ही गाड्यांची तपासणी बरीचशी सारखीच आहे, म्हणून एकत्रच लिहितो.

आधी लक्षणं बघा

आपलं लक्षण नेमकं कोणतं ते ठरवल्याशिवाय काहीही उघडू नका.

- चाकांकडून जळका वास येतो, पेडल कडक लागतं, जोरात दाबलं तरी गाडी हवी तशी थांबत नाही.
- पेडल मऊ पडतं, नेहमीपेक्षा खोल जातं, दोन-तीनदा दाबल्यावर थोडं वर येतं.
- खालचा गिअर टाकूनही गाडी धरत नाही, सुटल्यासारखी पळते.
- एक्सलेटर सोडला की "घूंऽऽ" आवाज येतो, दाबला की बंद होतो.
- एक्सलेटर सोडताना आणि पुन्हा देताना खालून "ठक्" असा दणका बसतो.
- उतारावर गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येतो.
- घाट उतरून पुन्हा रेस दिली की मागून निळा धूर निघतो.

पहिली दोन लक्षणं एकसारखी वाटतात, पण आहेत वेगळी. कडक पेडल असूनही ब्रेक लागत नसेल, तर पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. पेडल मऊ पडलं असेल, तर ब्रेक ऑइल उकळून पाइपमध्ये वाफ झालेली असते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय खोल जातो. पॅड थंड झाले की त्यांची पकड बऱ्यापैकी परत येते. उकळलेलं ऑइल थंड झाल्यावर पेडल वर येतं खरं, पण ते ऑइल आता भरवशाचं राहिलेलं नसतं, पुढच्या घाटात पुन्हा तेच होणार.

इंजिन धरतं म्हणजे नेमकं काय होतं

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे आणि पोलादपूर घाटाच्या अगदी तळाला. माणसं आणि सामान धरून १,३०० किलोची गाडी सव्वा हजार मीटर खाली आणली, तर सुमारे १ कोटी ६० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. थोडी हवेच्या रोधात जाते, थोडी टायरांत. उरलेली सगळी ब्रेकवर टाकली, तर जवळपास ५० लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता चार चाकांत साठायला बघते, आणि त्यातलाही मोठा वाटा पुढच्या दोन चाकांत.

इंजिन यातला बराच भार उचलू शकतं. पेट्रोल गाडीत एक्सलेटर सोडला की थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) मिटतो, इंजिनाला हवा ओढायला झगडावं लागतं आणि तो झगडा चाकांना मागे खेचतो. डिझेलमध्ये हवा अशी अडवलेली नसते. तिथे घर्षण, पंप आणि दाबलेल्या हवेतून न परतणारी ऊर्जा काम करतात. दोन्हीत नियम एकच : इंजिन जितकं जास्त फिरेल तितकं जास्त धरेल. पाचव्या गिअरवर ताशी ४० ने उतरताना इंजिन हजार-बाराशेवर रेंगाळत असतं, ते काय धरणार? त्याच वेगाला तिसऱ्यात ते दोन हजारांच्या आसपास फिरतं, दुसऱ्यात तीन हजारांच्या.

इथे दोन गैरसमज भेटतात. पहिला, न्यूट्रलला टाकलं की इंधन वाचतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना एक्सलेटर सोडला आणि आरपीएम आयडलच्या बऱ्यापैकी वर असले, की कॉम्प्युटर इंधनच बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र आयडल चालू ठेवायला इंधन जाळावंच लागतं. म्हणजे उतारावर न्यूट्रल केल्याने बचत शून्य, आणि गाडी धरणारं फक्त ब्रेक. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर ट्रकवाल्यांना न्यूट्रल करू नका म्हणून पुन्हा पुन्हा का बजावलं जातं, ते यावरून कळेल.

दुसरा गैरसमज, याने गिअरबॉक्स झिजतो. चढताना पूर्ण रेसमध्ये गिअरच्या दातांतून जेवढा जोर जातो, त्याच्या मानाने उतारावरचा जोर बराच कमी असतो. फरक एवढाच की दात उलट्या बाजूने दाबले जातात. गिअरचे दात तिरके कापलेले असल्यामुळे शाफ्टवर आडवा दाबही येतो, आणि उतारावर तो दिशा बदलतो. बेअरिंग ढिली असेल, तर शाफ्ट त्या बाजूला सरकतो आणि आवाज किंवा हिसका तेव्हाच येतो. धडधाकट गिअरबॉक्सला हे दिवसभर चालतं. पैसे खर्च होतात ते चुकीच्या पद्धतीने गिअर खाली टाकल्याने, आणि तेही आधी क्लचप्लेटवर.

फुकटातली तपासणी : पाय आणि हात

पाना हातात घेण्याआधी चालवणाऱ्याकडे बघा. निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटतात.

ब्रेकवर पाय सतत हलका ठेवून उतरणं ही सगळ्यात महागडी सवय. पॅड डिस्कला चिकटून राहतात, त्यांना थंड व्हायला वेळच मिळत नाही. वेग थोडा वाढू द्या, मग ठामपणे दाबून कमी करा आणि पाय पूर्ण उचला. ब्रेक लागलेला असतानाच्या वेळेपेक्षा मोकळा असतानाचा वेळ जास्त हवा.

गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. घाटात जुनी माणसं सांगतात, ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा. आंबेनळीसारख्या वळणांच्या घाटात ते दुसऱ्या-तिसऱ्याच्या हिशोबाने बरोबरच बसतं. पक्की खूण अशी : एक्सलेटर सोडल्यावर मोकळ्या पट्ट्यात वेग वाढत नसेल किंवा अगदी हळू वाढत असेल, तर गिअर बरोबर आहे. भराभर वाढत असेल, तर एक गिअर अजून खाली. इंजिन तीन-साडेतीन हजारांवर ओरडतं तेव्हा मागे बसलेली मंडळी काळजीत पडतात. लाल रेषेच्या खूप आत असेल तर तो आवाज अगदी नॉर्मल आहे, इंधनही जळत नाहीये. त्यांना तसं सांगा.

खाली गिअर टाकताना आधी ब्रेकने वेग कमी करा, मग क्लच दाबा, गिअर टाका, एक्सलेटरला हलका स्पर्श देऊन इंजिन थोडं वर आणा आणि क्लच सोडा. रेस न देता क्लच सोडला, तर चाकं इंजिनाला ओढून वर फिरवतात. ते काम क्लचप्लेट घासून होतं आणि गाडीला हिसका बसतो. एखाद्या वेळी काही बिघडत नाही. रोज शहरात प्रत्येक सिग्नलला असं करत असाल, तर पॅड वाचवण्यासाठी क्लच झिजवताय. पॅड बदलायला अर्धा-पाऊण तास लागतो. क्लचसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, खर्च कितीतरी पट. सिग्नलला ब्रेक वापरा, त्यासाठीच ते आहेत. इंजिनाचा आधार लांब उतारासाठी.

आणि गिअर गाळून खाली टाकू नका. छोट्या पेट्रोल गाडीत ताशी ६० ला तिसऱ्याऐवजी चुकून पहिला पडला, तर इंजिनाला आठ हजारांच्या पुढे फिरावं लागतं. तिथे रेव्ह लिमिटर (इंजिन ठराविक आरपीएमपुढे जाऊ न देणारी सोय) वाचवत नाही, कारण तो फक्त इंधन तोडतो, आणि इथे फिरवणारी चाकं असतात. क्लच दाबून धरलेला असला, तरी क्लचप्लेट त्या वेगाने फिरतेच, तिचं लायनिंग फुटू शकतं.

गिअर लिव्हरवर हात ठेवून चालवण्याची सवयही सोडा. तो दाब आतल्या फोर्कपर्यंत (गिअर सरकवणाऱ्या काट्यापर्यंत) पोचतो आणि फोर्क फिरत्या स्लीव्हवर, म्हणजे तो सरकवतो त्या कड्यावर, घासत राहतो.

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी वेगळं

"माझ्या गाडीत इंजिन धरतच नाही" असं म्हणणाऱ्यांत एएमटीवाले (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर कॉम्प्युटर चालवतो) सर्वात जास्त. कारण साधं आहे. डी मध्ये एक्सलेटर सोडला की कॉम्प्युटरला वाटतं, आता जोर नको, आणि तो वरचा गिअर टाकतो. लिव्हर एम ला घ्या आणि स्वतः खाली आणा. आरपीएम फार वर जाणार असतील, तर गाडी तो गिअर स्वीकारणार नाही. तो दोष नव्हे, संरक्षण आहे. आणखी एक : वळणावर गाडी अगदी रांगायला लागली की इंजिन बंद पडू नये म्हणून एएमटी स्वतःच क्लच दाबते, त्या क्षणी गाडी सुटल्यासारखी वाटते. तेवढ्यापुरता ब्रेक तयार ठेवा.

सीव्हीटीत (ठराविक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये) एस किंवा एल, साध्या टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये एल, २ किंवा मॅन्युअल. काही जुन्या ऑटोमॅटिकमध्ये डी मधल्या खालच्या गिअरांना एकाच बाजूने पकडणारा क्लच असतो, तिथे एल ला घेतल्याशिवाय इंजिन धरतच नाही. बऱ्याच हायब्रिडमध्ये बी असतो, तो याचसाठी दिलेला. हिल डिसेंट कंट्रोल मात्र इंजिन ब्रेकिंगचा पर्याय नव्हे. ते चाकांचे ब्रेकच वापरतं, फक्त पाय तुमचा नसतो. लांब घाटात ते लावून बसलात, तर तेच ब्रेक तापणार.

इलेक्ट्रिक गाडीची एक मजेशीर तक्रार आता येऊ लागली आहे. रात्री हॉटेलवर बॅटरी १०० टक्के भरली, सकाळी घाट उतरायला लागले आणि रीजेन (मोटरनेच गाडी धरून वीज परत बॅटरीत भरणं) लागेना. भरलेल्या बॅटरीत वीज ठेवायला जागा नसते, म्हणून गाडी रीजेन कमी करते किंवा बंद करते. वर मुक्काम असेल तर ८०-८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. उरलेल्यातलं थोडंफार घाट भरून देईल.

थोडक्या खर्चाची तपासणी

ब्रेक ऑइल. डबीचं झाकण उघडण्याआधी आजूबाजूचं पुसून घ्या, आत कचरा जाता कामा नये. ऑइल काळपट झालं असेल किंवा बदलून दोन वर्षं झाली असतील, तर वाद न घालता बदला. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओढायला पाणी भरपूर. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाटात पेडल मऊ पडण्यामागे पाणी मुरलेलं ऑइल हे सगळ्यात जास्त वेळा निघणारं कारण आहे आणि सगळ्यात स्वस्तही. पातळी कमी दिसली तर नुसती भरून मोकळे होऊ नका. पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते, पण अचानक उतरली तर कुठेतरी गळतंय.

बूस्टर, म्हणजे पायाच्या दाबाला इंजिनाच्या व्हॅक्युमने मदत करणारा डबा. इंजिन बंद करून पेडल चार-पाचदा दाबा, ते कडक होईल. पाय दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. याचवरून लक्षात येईल की उतारावर इंजिन बंद करणं किती धोक्याचं. दोन-तीन दाबांनंतर ब्रेकची मदत संपते, स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली काढली तर ते लॉकच होतं.

एकच चाक तापतं का? हे बघायला घाटाची गरज नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर फारसा ब्रेक न लावता चालवा आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, डिस्कला लावू नका. स्वस्तातला इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर उत्तम. घाटात पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त तापणारच. डावं-उजवं मात्र साधारण सारखं हवं. एकच चाक भाजत असेल, तर कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पिन जाम आहे किंवा पिस्टन मागे येत नाहीये. समुद्राजवळच्या गाड्यांत या पिना खारट हवेने गंजतात. उघडून साफ करून योग्य ग्रीस लावलं की काम होतं, नव्या कॅलिपरची गरज क्वचितच पडते. मागची दोन्ही चाकं तापत असतील, तर हँडब्रेक पूर्ण सुटतोय का ते आधी बघा.

तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. धबधब्याजवळ थांबून बाटलीने चाकं थंड करणारे लोक दर पावसाळ्यात दिसतात. गरम बिडाला असा धक्का दिला की डिस्क वाकते किंवा तिला चिरा जातात, आणि मग ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं.

पॅड तीन मिलिमीटरच्या खाली असतील तर बदला. पातळ पॅड असेल तर उष्णता लवकर पलीकडच्या ऑइलपर्यंत पोचते, म्हणून घाटात हे शहरापेक्षा जास्त महत्त्वाचं.

इंजिन धरत नाही अशी तक्रार असेल आणि गिअर बरोबर टाकलेला असेल, तर आयडल बघा. गरम इंजिन, एसी बंद, तरी काटा हजार-अकराशेच्या वर असेल, तर थ्रॉटल बॉडीवर काजळी साठून तो पूर्ण मिटत नाहीये किंवा कुठल्यातरी पाइपातून हवा आत जातेय. थ्रॉटल बॉडी साफ केली, फाटका व्हॅक्युम पाइप बदलला की बऱ्याचदा फरक पडतो. काही गाड्यांत साफसफाईनंतर स्कॅनर लावून आयडल पुन्हा शिकवावा लागतो, हे आधी विचारून घ्या.

क्लच घसरतोय का हे सपाटीवर बघता येतं. चौथ्या गिअरवर ताशी ४०-५० ने जाताना एक्सलेटर पूर्ण दाबा. आरपीएम उडी मारून वर गेले आणि वेग मागेच राहिला, तर क्लचप्लेट संपली. अशी गाडी घेऊन घाटात जाऊच नका, उतारावर तीच प्लेट गाडी धरून ठेवणार असते.

गाडीखाली जायची वेळ आली तर

जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. रॅम्प, पिट किंवा घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) नसतील, तर हा भाग गॅरेजवाल्याला करू द्या.

दणका बसत असेल तर आधी इंजिन ज्यांवर बसतं ती फाउंडेशन रबरं बघा. बोनेट उघडा, हँडब्रेक आणि पायातला ब्रेक लावून ठेवा, एक जण पहिला आणि मग रिव्हर्स टाकून हाफ क्लचला किंचित आणेल, दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन बघायचं. बाजूला म्हणजे बाजूलाच, गाडीच्या पुढे किंवा मागे नाही. इंजिन बरंच उसळत असेल, तर रबर फाटलंय. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत खालचा टॉर्क रॉड (इंजिनाला मागे-पुढे डुलू न देणारा दांडा) सगळ्यात आधी जातो, तो स्वस्त आहे आणि लवकर बदलतो. फाउंडेशन फाटल्यामुळे इंजिन हलतं, त्याबरोबर गिअरबॉक्स हलतो, गिअरची केबल ताणली जाते आणि गिअर सुटतो. गिअरबॉक्स उघडायचा निर्णय घेण्याआधी हे बघितलं नाही, तर हजारांतलं काम पन्नास हजारांत जाऊ शकतं.

त्यानंतर एक्सल. सीव्ही जॉइंटचं (एक्सलच्या टोकाच्या वळू शकणाऱ्या सांध्याचं) रबर फाटून ग्रीस बाहेर उडालंय का ते बघा. बाहेरचा जॉइंट पूर्ण वळवल्यावर टकटकतो, आतला रेस देता-सोडताना दणका देतो. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या दांड्याचा) क्रॉस धरून हलवून बघा. गंजलेला लाल चुरा दिसला की तोच आवाज करतोय असं समजा.

गिअर सुटत असेल, तर लिव्हरच्या बुडाशी मॅट किंवा रबर अडतंय का, केबलचा प्लॅस्टिक बुश झिजलाय का, हे आधी बघा. गिअर पूर्ण बसतच नसेल तर तो सुटणारच. लिव्हर हाताने दाबून धरून घाट उतरवणारे असतात. गिअर तेवढ्यापुरता राहतो, फोर्क मात्र संपतो.

मग गिअर ऑइल. गाडी सपाटीवर हवी. आधी भरायचा नट उघडा, मगच सोडायचा. उलट केलं आणि भरायचा नट गंजून बसलेला निघाला, तर गाडी रिकाम्या गिअरबॉक्सने उभी राहील. पातळी साधारणपणे भरायच्या भोकाच्या खालच्या काठाला असते. ऑइल कमी असेल, तर एक्सल सीलकडे गळतंय का बघा. ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलेलीच घाला. बहुतेक छोट्या गाड्यांना जीएल-४ दर्जाचं ऑइल लागतं, "भारी आहे" म्हणून जीएल-५ घालू नका. पितळी सिंक्रो रिंगना (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) काही जीएल-५ ऑइलं चालत नाहीत आणि गिअर अडकायला लागतात. चुंबकाच्या नटावर राखाडी चिखल दिसला तर घाबरू नका, तो जुन्या गाडीत असतोच. चमकणारे तुकडे, दाताचा कोपरा असं काही दिसलं तर तिथेच थांबा.

निळ्या धुराचं गिअरबॉक्सशी देणंघेणं नाही. एक्सलेटर सोडून लांब उतरताना पेट्रोल इंजिनात व्हॅक्युम वाढतो, व्हॉल्व्ह सील कडक झाले असतील तर त्यांतून इंजिन ऑइल आत ओढलं जातं, आणि पुन्हा रेस दिली की ते जळतं. महाबळेश्वरच्या थंड सकाळी सुरुवातीला निघणारी पांढरी वाफ यात धरू नका. ऑइलची पातळी नियमित बघा, सील बदलायची घाई नाही. ऑइल पटापट कमी होत असेल तर मात्र पिस्टनच्या रिंगही तपासाव्या लागतील.

इथे थांबा, माणूस बोलवा

घाटातच असाल आणि पेडल खोल गेलं, तर पेडल पटापट मारून दाब येतोय का बघा, खालचा गिअर टाका, हँडब्रेक बटण दाबून धरूनच हळूहळू ओढा म्हणजे सोडता येईल, आणि डोंगराच्या बाजूला घ्या, दरीच्या नाही. पूर्ण थांबेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. थांबल्यावर गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक आवळून ठेवू नका. अर्धा तास तरी थांबा. वाडा कुंभरोशीला, प्रतापगडच्या फाट्याजवळ, चहाला थांबणं हा घाटाच्या मधोमध ब्रेकना विसावा द्यायचा चांगला बहाणा आहे, तोही बिघाड होण्याआधी.

पेडल तळाला गेलं, ऑइल गळताना दिसलं, ब्रेक लावताना लोखंडावर लोखंड घासतंय असा आवाज आला किंवा थंड झाल्यावरही पेडल मऊच राहिलं, तर गाडी पुढे चालवायची नाही, टो करायची. ब्रेकची हवा काढण्याचं काम एबीएसच्या गाड्यांत काही वेळा स्कॅनरशिवाय पूर्ण होत नाही, म्हणून रस्त्यावरच्या कुणाच्या हातून ते अर्धवट करून घेऊ नका.

केबल, फाउंडेशन आणि ऑइल तिन्ही ठीक असूनही गिअर सुटतो, किंवा एक्सलेटर सोडल्यावरची घूंघूं नव्या ऑइलनंतरही तशीच आहे, तर आता काम आतलं : स्लीव्ह आणि गिअरचे दात गोल झालेत, बेअरिंग गेली किंवा डिफरन्शिअलचा पिनियन ढिला आहे. यासाठी प्रेस, पुलर आणि मापं लागतात, घरी हे होत नाही. घूंघूं करणारी गाडी गॅरेजपर्यंत हळू चालवून नेता येते. गिअर सुटणारी गाडी घाटातून नेऊ नका, मग घर खाली दोन वळणांवर असलं तरी.

सीव्हीटी आणि डबल क्लचच्या गाड्यांत थरथर, घसरणं किंवा गरम होण्याची सूचना आली, तर काहीच उघडू नका आणि ऑइलही अंदाजाने घालू नका. टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागवा, चाकं जमिनीवर घेऊन ओढलं तर आतल्या भागांना तेल न पोचता ते फिरत राहतात.

मेकॅनिकला फोन करताना "गिअरबॉक्सचा आवाज येतो" एवढंच सांगू नका. कोणत्या गिअरवर, किती वेगाला, एक्सलेटर दाबताना की सोडताना, क्लच दाबल्यावर आवाज जातो की राहतो, घाटाच्या सुरुवातीला की तळाला आल्यावर, हे पाच सांगा. यावरून खाली उतरवायचा तो गिअरबॉक्स की नुसता टॉर्क रॉड, हे बऱ्याचदा फोनवरच ठरतं.